मांगल्या पातेल्याचं झाकण

आबा, गेल्या आठवड्यात मी अगदी तुमच्यासारखी वागले, आणि तेव्हापासून माझा मलाच राग येतोय. तुमचाही येतो, पण तो जुना आहे, त्याची सवय झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की घरात तुमचा आवाज नीट आठवणारी आता मी एकटीच उरले. धाकटा भाऊ म्हणतो, आबा फार बोलायचे नाहीत, एवढंच आठवतं. फार बोलायचे नाहीत! तिथेच तर सगळं नासलं. आचाऱ्याच्या घरात जन्मून मी मुद्दाम अशी नोकरी धरली जिथे चूल नाही, पातेलं नाही, पंगत नाही आणि मानपान तर नाहीच नाही. आणि एवढं करून शेवटी तुमच्या त्या जर्मलच्या पातेल्यापाशीच येऊन उभी राहिले, तशीच, हाताची घडी घालून. हे तुम्हाला सांगायचं नाही तर कुणाला सांगायचं?

माझं काम तुम्हाला कधी कळलं नाही, आणि मीही कधी बसून सांगितलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही शिरपूरच्या आपल्या गल्लीत सगळ्यांना सांगत सुटलात, "मनी आंडेर कॉम्प्युटरमा शे." जणू पोरगी त्या डब्यातच राहायला गेली होती. तर ऐका. मी धुळ्याला एका धर्मादाय रक्तपेढीत आहे, तेव्हापासून तिथेच. आतल्या खोलीत एक जुना सर्व्हर आहे, म्हणजे बाकीच्या टेबलांवरचे सगळे कॉम्प्युटर ज्याला विचारून चालतात तो थोरला. त्याच्यात डेटाबेस नावाचा प्रोग्राम बसलेला आहे. कुणी रक्त दिलं, कोणती पिशवी कुठल्या फ्रीजमध्ये आहे, कुणाला आजवर काय काय चढवलं, हे तो सांभाळतो आणि मागाल तेव्हा काढून देतो. त्याची देखभाल माझ्याकडे. आमचा कारभार ज्या सॉफ्टवेअरवर चालतो ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. नव्या मशीनवर ते चालत नाही, आणि जुन्या मशीनला लागणारी मेमरी बाजारात मिळत नाही. जळगावचा एक दुरुस्तीवाला कुठून कुठून जुने तुकडे शोधून आणायचा, शेवटी त्यानेही हात टेकले. जाताना मला म्हणाला, "मॅडम, ही डिस्क चालू आहे तोवर चालू आहे. बंद करू नका. एकदा बंद केली तर परत उठेल याची हमी ब्रह्मदेवही देणार नाही."

मेमरी म्हणजे काय ते तुम्हाला एका वाक्यात कळेल, इथल्या साहेबांना अजून कळलेलं नाही. सगळं सामान असतं कोठीत, म्हणजे डिस्कवर. मेमरी म्हणजे हाताशी असलेला ओटा. ओट्यावर जागा असली की हात भरभर चालतो. जागा नसली की प्रत्येक चमच्यासाठी उठून कोठीत जावं लागतं. डेटाबेसचा स्वभाव असा की जेवढा ओटा द्याल तेवढा तो व्यापतो, आणि आपणहून परत करत नाही. तो काही दुष्ट नाही, त्याला सगळं हाताशी लागतं इतकंच. पण त्याच ओट्यावर दुसरी मंडळीही राबत असतात, जी कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. खुद्द मशीनला चालतं ठेवणारी यंत्रणा, पिशव्यांवरची लेबलं छापणारा प्रोग्राम, आणि रोज दुपारी सगळ्या नोंदींची नक्कल काढून वेगळ्या जागी ठेवणारा बॅकअप. म्हणून डेटाबेसला मर्यादा घालून द्यावी लागते, की बाबा, एवढ्याच्या पुढे यायचं नाही. ही मर्यादा मी पहिल्यापासून घातलेली होती. कोपऱ्यातली थोडी जागा राखलेली. दिवसभर ती रिकामीच दिसायची, दुपारी बॅकअप सुरू झाला की भरायची आणि परत रिकामी व्हायची. मनातल्या मनात तिला मी एक नाव दिलं होतं. तो शब्द तुमचा होता.

मांगलं. मागे राखलेलं. आजही तो शब्द उच्चारला की मांडवामागचा धूर येतो नाकात. चूलबंद आवतण असायचं, म्हणजे घरटी सगळ्यांना, कुणाच्याही घरी त्या दिवशी चूल पेटायची नाही. त्यामुळे माणसं किती येतील हे यजमानालासुद्धा माहीत नसायचं. तो अंगठा आणि बोट चोळत काहीतरी आकडा सांगायचा, तुम्ही मान डोलवायचात आणि मग आपला अंदाज वेगळा धरायचात. बट्ट्या वाफवून, कापून, तळून होत आल्या, वरणाला उकळी फुटली, वांग्याची भाजी घोटून झाली, की पहिली पंगत बसायच्या आधी तुमचं ते एक काम असायचं. एका जर्मलच्या पातेल्यात वरण, शेजारी टोपलीभर बट्ट्या, वाटीभर तूप. वर झाकण, झाकणावर ओलं फडकं, आणि सगळं चुलवणाच्या मागे ठेवून द्यायचं. पाणी भरणारे, लाकडं फोडणारे, पत्रावळी उचलणाऱ्या बाया, वाढून वाढून खांदे मोडलेली पोरं, त्यांचं ते. मी एकदा विचारलं होतं, शेवटी उरेलच की, मग आधीच कशाला काढायचं? तुम्ही बट्टी कापता कापता म्हणालात, "उरी ते उरेल ऱ्हास. हाई त्यासनं शे." उरेल ते उरलेलं असतं, हे त्यांचं आहे. एवढंच. तुमच्या बाजूने हे फार मोठं भाषण झालं.

तर आमच्याकडे नवीन व्यवस्थापक आले. माणूस वाईट नाही, कामसू आहे, फक्त मी म्हणेन ती पूर्व दिशा. त्या वेळी सगळ्यांची तक्रार होतीच की सकाळी स्क्रीन हळू चालतात. नोंदी वाढल्या होत्या, मशीन म्हातारं झालं होतं, तक्रार खरी होती. साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर म्हणता मेमरी मिळत नाही. मग ही एवढी मेमरी रिकामी पडलीय ती काय शोभेला?" मी म्हटलं, साहेब, ती रिकामी नाही, राखलेली आहे. ते हसले. "राखलेली म्हणजे पडूनच ना? इकडे लोक खोळंबलेत आणि तुम्ही मेमरी झाकून ठेवलीय." झाकून ठेवलीय! सगळा स्टाफ बघत होता आणि मला वाद घालायचा कंटाळा आला होता. मी मर्यादा उठवली. जा, घे म्हटलं सगळं.

आणि चमत्कार बघा, आबा, दुसऱ्याच दिवशी सगळं झकास. स्क्रीन पळायला लागले. साहेबांनी चहा सांगितला आणि माझ्या देखत टेक्निशियन बाईंना म्हणाले, "बघितलंत? फक्त विचारायला हवं होतं." पुढचे काही दिवस मी सगळ्यांच्या कौतुकाचा विषय होते आणि मलाही वाटायला लागलं की इतकी वर्षं आपण उगाच जपत बसलो. मग रक्तदान शिबिरांचे दिवस आले, नोंदी धो धो यायला लागल्या, डेटाबेसने पसरत पसरत सगळा ओटा व्यापला. आणि दुपारी बॅकअपची वेळ झाली की स्क्रीन थिजायला लागले. आधी थोडा वेळ, मग तास तास. साहेब म्हणाले, मेमरी कमी पडतेय, अजून द्या. आता माझ्याकडे काय होतं द्यायला?

खरं सांगते, आठवडाभर मी चुकीच्या चुलीत फुंकर घातली. आधी वाटलं एखादा रिपोर्ट फार खातोय, म्हणून रिपोर्ट तपासले. मग वाटलं कुणी कुणाची वाट अडवून बसलंय, म्हणून अडलेल्यांची यादी काढली. डेटाबेसला विचारावं तर त्याचे सगळे आकडे सांगत होते की माझं उत्तम चाललंय, मला काही कमी नाही. आणि त्याचं खरंच होतं. त्याला काही कमी नव्हतंच. शेवटी मी त्याला विचारायचं सोडलं आणि मशीनकडे बघितलं. प्रोसेसर हातावर हात ठेवून बसलेला आणि डिस्कचा दिवा विझायला तयार नाही. मशीनची स्वतःची यंत्रणा ओट्यावर जागाच नाही म्हणून आपलं सामान कोठीत नेऊन टाकत होती, लागलं की आणत होती, परत टाकत होती, आणि त्या येरझाऱ्यांमध्ये बाकी सगळे ताटकळत होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथे आड काठोकाठ भरलेला होता, पोहरा ओढणाराच उपाशी होता. त्याहून वाईट म्हणजे बॅकअप रोज अर्ध्यावर मरत होता. मी शिबिरांच्या गडबडीत ते बघितलंच नव्हतं. म्हणजे शिबिरं सुरू झाल्यापासूनची एकही नोंद दुसरीकडे कुठे नव्हती, होती ती फक्त त्या म्हाताऱ्या डिस्कवर.

हे माझ्या लक्षात आलं त्याच दुपारी ते दोघं आले होते. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचे नवराबायको, दोघंही तिशीच्या आतले. तिला सिकलसेल आहे. आपल्याकडे त्या डोंगरातल्या कितीतरी घरांत आहे हा आजार, रक्ताचा, जन्माचा. तिला वरचेवर रक्त चढवावं लागतं, आणि इतक्यांदा चढवल्यामुळे आता गट जुळला तरी काही रक्त तिच्या अंगाला चालत नाही. कुठलं चालत नाही, हे फक्त आमच्या जुन्या नोंदीत आहे. आजच्या तपासणीत ते दिसेलच असं नाही, आणि चुकून तेच चढलं तर आजारापेक्षा रक्तच जालीम ठरायचं. ती बाकावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. या आजारात सांधे दुखतात, फार दुखतात, पण तिच्या तोंडातून आवाज नव्हता. नवरा बायकोशी त्यांच्या बोलीत बोलायचा आणि आमच्याशी अहिराणीत. दर थोड्या वेळाने माझ्या दाराशी यायचा. "ताई, नाव निंघनं का तिनं?" नाव निघालं का तिचं? स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरत होतं. आतून टेक्निशियन बाईंनी ठणकावलं होतं, जुनी नोंद डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी पिशवी हातात देणार नाही, मग कुणी का सांगेना. मला त्या बाईंचा एरवी वैताग येतो. त्या दिवशी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

साहेब आले. "बंद करून चालू करा ना, मॅडम! घरचा टीव्ही अडकला तर काय करतो आपण?" मी म्हटलं, हा घरचा टीव्ही नाही. बंद केला आणि उठला नाही, तर शिबिरं सुरू झाल्यापासूनच्या नोंदी गेल्या, आणि या बाईची जुनी नोंद नक्कलीतून काढायला दोन दिवस जातील. ते म्हणाले, उठेल हो, तुम्ही फार घाबरता. बाकीचेही म्हणायला लागले, करून तर बघा. तो नवराही माझ्याकडे बघत होता. त्याला काय कळत होतं कोण जाणे, पण सगळे एका बाजूला आणि मी एका बाजूला आहे, एवढं कळत असणार. आणि आबा, माझ्या कानात तुम्ही बोललात. वाढप्याने कुणाला पंगतीतून सरकायला सांगितलं की तुम्ही मागून ओरडायचात तेच. "बठेल मानूसले उठाडानं नही!" बसलेल्या माणसाला उठवायचं नाही. मी म्हटलं, साहेब, बंद होणार नाही.

मग मी जे केलं त्याने त्यांचा संताप अनावर झाला. मी मर्यादा परत घातली. चालत्या मशीनवर, डेटाबेसकडून मेमरी काढून घेतली. "अहो, ते मरतंय आणि तुम्ही त्याच्या तोंडचं काढताय?" साहेबांचा आवाज चढला होता. बरोबर होतं त्यांचं, दिसायला तसंच दिसत होतं. ते काही झटक्यात होत नाही. डेटाबेस घेतलेलं हळूहळू सोडतो, आणि सोडताना आधी आणखी मंद होतो. सगळे माझ्याकडे बघत होते, मी डिस्कच्या दिव्याकडे. हाताची घडी घालून. आणि मला कळलं की मी कशी उभी आहे.

ती शेवटची पंगत मी कधी कुणाला सांगितली नाही. मी कॉलेजात होते, सुट्टीला तुमच्याबरोबर बट्ट्या वळायला आले होते. शिरपूरजवळचं गाव, बड्या घरचं लग्न, वऱ्हाड सांगितल्यापेक्षा किती तरी जास्त ट्रॅक्टर भरून आलंय. तिसऱ्या पंगतीला वरण तळाशी लागतं. तुम्ही नवीन डाळ चढवता, पण डाळ काही कुणाच्या मानपानासाठी लवकर शिजत नाही. वऱ्हाडी पत्रावळीवर बोटं आपटतायत. यजमान तरातरा मागे येतो, आणि त्याच्या नजरेला ते झाकण पडतं. फडकं ओढतो, झाकण उचलतो. आत वरण, वर तुपाचा थर. "आमना पाव्हना उपाशी बठेल शेत, आन तू आठे झाकी ठेवस? चोर!" सगळं गाव ऐकतंय. पाणी भरणारी माणसं तिथेच उभी आहेत, डोंगरातून कापूस वेचायला आलेली, सकाळपासून विहिरीवरून हंडे वाहणारी. तुम्ही हाताची घडी घालता आणि म्हणता, "ते मांगलं शे. ते त्यासनं शे." बस्स. पुढे एक अक्षर नाही. दोघंजण पातेलं उचलून मांडवात नेतात. पाणी भरणारी माणसं जमिनीवर ठेवलेल्या आपल्या काठ्या उचलतात आणि निघून जातात. तुम्ही त्यांच्या मागे जात नाही. डाळ शिजेपर्यंत तिथेच उभे राहता, पंगत उठून गेल्यावर कुणी न जेवलेलं ते वरण उतरवता, आणि आपण दोघं उपाशी पोटी घरी येतो. त्यानंतर तुम्ही कुणाची सुपारी घेतली नाहीत. मोठी पातेली मोडीत गेली. गल्लीत कुणी लग्नाचं विचारलं की तुम्ही आत निघून जायचात.

मला राग त्या यजमानाचा नाही, आबा. त्याची लाज चालली होती, तो ओरडणारच. राग तुमचा आहे. का नाही सांगितलंत? एवढंच सांगायचं होतं, की दादा, ही माणसं पहाटेपासून उपाशी राबतायत, यांच्या पोटात आग पडली तर पाणी बंद होईल, पाणी बंद झालं तर पुढची पंगत बसणार नाही. नाहीतर अर्धं द्यायचं आणि अर्धं ठेवायचं. पण तुम्हाला वाटलं, खरं आहे ते दिसतंच आहे. कुणाला दिसत नव्हतं, आबा. झाकण उघडल्यावर दिसतं ते फक्त वरण. ते कुणाचं आहे हे वरणावर लिहिलेलं नसतं. तुम्ही गप्प बसलात आणि चोर ठरलात, आणि मी चोराची पोर. वर्षानुवर्षं मला शिरपुरात कुणाच्या लग्नाला जावंसं वाटलं नाही.

डिस्कचा दिवा विझला. परत लागला, परत विझला. मग आतून टेक्निशियन बाईंचा आवाज आला, "आली! नोंद आली!" साहेब त्यांच्या खोलीत गेले. पिशवी शोधली, तीही मिळाली, तिला चालणारी. शेजारच्या खोलीत तिला झोपवून रक्त लावलं, आणि माझ्या स्क्रीनवर बॅकअप बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदा सरळ चालत होता. तो पूर्ण होईपर्यंत मी उठले नाही. बाहेर आले तेव्हा दिवस कलला होता आणि त्यांची शिरपूरची गाडी गेली होती. तीच पकडली असती तर पुढे पाड्यापर्यंत जीप मिळाली असती. आता रात्र इथल्याच बाकावर. माझ्यामुळे. मी मर्यादा उठवली नसती तर ते दुपारीच घरच्या वाटेला लागले असते, हे त्या नवऱ्याला कुठे माहीत होतं? तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, सकायपाईन तुमी आठेच शेत. काही खादं का नही?" सकाळपासून इथेच आहात, काही खाल्लं की नाही. त्याने बाकाखालची पिशवी ओढली, फडकं सोडलं. मक्याच्या भाकरी, लाल मिरचीची चटणी. "तिनासाठे ठेयेल शे. ती आते झोपी गयी. तुमी खा."

तिच्यासाठी ठेवलेलं. झाकून, बांधून, डोंगरावरून आणलेलं. मी नको म्हणायला हवं होतं आणि मला इतकी भूक लागली होती की मी हात पुढे केला. अर्धी भाकरी खाल्ली. उरलेली त्याच फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली आणि कँटीनवाल्याला दोघांसाठी खिचडी सांगितली. तो म्हणाला, असू द्या. घास गिळताना डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीमुळे आलं असं मी त्याला सांगितलं. मला राहून राहून वाटत होतं की मीही कुणाचं तरी मांगलं खाल्लं, त्या वऱ्हाड्यांसारखं. पण मला त्याने दिलं होतं. तुम्हाला त्या दिवशी कुणी मागितलंच नाही, आबा. कुणी म्हटलं असतं, आचारी, आमची इज्जत चाललीय, यातलं थोडं द्याल का, तर तुम्ही पाणी भरणाऱ्यांकडे बघितलं असतंत, आणि मला वाटतं, त्यांनीच मान हलवली असती. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. सुचून उपयोग तरी काय?

काल साहेबांनी मीटिंग घेतली. विश्वस्तही आले होते. पडद्यावर माझ्या सर्व्हरचं चित्र, आणि त्यात तो रिकामा कोपरा सगळ्यांना दिसतोय. साहेबांनी बोट ठेवलं आणि अगदी सभ्यपणे विचारलं की मॅडम, हे असं रिकामं का ठेवायचं, ते एकदा सगळ्यांना समजावून सांगा. मला सांगता आलं असतं. ओटा, कोठी, पोहरा, सगळं तोंडात होतं. मी त्या चेहऱ्यांकडे बघितलं. तो कोपरा रिकामा आहे, आणि सकाळचे स्क्रीन परत हळू झाले आहेत, एवढंच त्यांना दिसत होतं. समजावलं असतं तर आज मान डोलवली असती, आणि पुढच्या गर्दीच्या दिवशी परत कुणीतरी झाकण उचललं असतं. मी म्हटलं, "कंपनीचा नियम आहे, साहेब. एवढी जागा सोडावीच लागते. नाही सोडली तर लायसन्स रद्द होतं." विश्वस्तांनी मान डोलवली. साहेबांनी लिहून घेतलं. एकाने तर विचारलं की मग आधी कुणी परवानगी दिली ती मर्यादा काढायला, आणि साहेब बाहेर बघायला लागले.

असा कुठलाही नियम नाही, आबा. कंपनीच उरलेली नाही तर नियम कुठला? तुम्ही खरं बोललात आणि पातेलं गेलं. मी खोटं बोलले आणि पातेलं राहिलं. यातलं चांगलं कोणतं ते मला ठरवता येत नाही, आणि तुम्ही असतात तर तुम्हीही सांगितलं नसतंत, बट्टी कापत बसला असतात. सर्व्हर काही फार दिवस काढणार नाही. तो जाईल तेव्हा माझ्या खोटेपणाचीही गरज संपेल. तोवर चालू आहे.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून शेवटचं एवढं लिहून ठेवते. जेवढी जागा राखायला हवी होती त्याहून थोडी जास्तच मी राखली आहे. कशासाठी ते मला माहीत नाही. मोजता मोजता हात थांबला नाही.